पंखांवरची छीट

पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या दीड-दोन वर्षांत जर्मनीच्या लढाऊ आणि टेहळणी विमानांना जे कापड चढवले जाई, ते बहुधा गिरणीतूनच रंगीबेरंगी छापून येत असे. गडद निळे, जांभळे, हिरवे, गेरूकडे झुकणारे पिवळट-तपकिरी असे बहुकोनी तुकडे एकमेकांना बिलगून साऱ्या पन्ह्यावर पसरलेले असत. जवळून पाहिले तर पंखांवर वाकळ अंथरल्यासारखे दिसे. शत्रूच्या नजरेला विमान सहज सापडू नये, हा त्यामागचा हेतू. पुढे इंग्रजीत लिहिणाऱ्या अभ्यासकांनी या नक्षीला ‘लॉझेंज’ म्हटले. लॉझेंज म्हणजे शंकरपाळ्याचा किंवा पत्त्यांतल्या चौकटचा आकार. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक तुकडे वेडेवाकडे, असमान बाजूंचे आहेत. पण नाव चिकटले ते चिकटले. विमानांच्या इतिहासात या कापडाची गणना होते हे खरे, तरी त्याचे निम्मे मूळ कापडधंद्यात आहे. रंग देण्याचे काम विमानाच्या कारखान्यातून उचलून छापखान्याच्या रुळांखाली नेणे, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची कल्पना होती, आणि ती टंचाईतून सुचली होती.

त्या काळचे विमान म्हणजे लाकडाचा सांगाडा, त्याला ताणून धरणाऱ्या तारा आणि वरून कापड. पंखात पुढून मागे जाणाऱ्या पातळ लाकडी फासळ्या असत आणि त्यांच्यावर कापड शिवलेले असे. हे कापड बहुधा लिननचे, म्हणजे जवसाच्या खोडातल्या तंतूंचे. लिनन हलके, चिवट आणि कमी ताणले जाणारे, म्हणून ते पसंत केले जाई. नुसते कापड मात्र पंखाला पुरत नाही. त्यातून हवा झिरपते, पाऊस मुरतो आणि ते सैल पडते. यासाठी त्यावर सेल्युलोजचे द्रावण चढवत. या द्रावणाला कारागीर ‘डोप’ म्हणत. साडीला खळ दिल्यावर ती कडक होते, तसा काहीसा हा प्रकार. फरक इतकाच, की डोप वाळताना आकसते आणि कापड ढोलकीच्या पानासारखे ताणून बसवते. डोपचे अनेक हात दिल्यावर पंखाला जो गुळगुळीत, ताठ आणि हवाबंद पृष्ठभाग मिळे, त्यावरच विमानाची उचल अवलंबून असे.

युद्धाच्या आरंभी या कापडावर रंग नसे. नैसर्गिक फिकट पिवळसर लिनन, त्यावर पारदर्शक डोप आणि ठळक काळा क्रूस, एवढाच साज. निरभ्र आकाशात असे विमान काही उंचीवर गेले की खालून दिसणे कठीण होई, कारण पातळ कापडातून उजेड आरपार येई. ‘टाउबं’, म्हणजे कबुतर, या नावाच्या पक्ष्यासारख्या पंखांच्या विमानाची त्या बाबतीत ख्याती होती. यातूनच पुढचा विचार निघाला: कापडच पारदर्शक केले तर? सेलॉन नावाच्या काचेसारख्या पत्र्याने विमान मढवण्याचे प्रयोग जर्मनीत झाले. लिंके-होफमान कंपनीच्या आर-१ या महाकाय विमानाचा मागचा भाग अशा आवरणाने मढवला होता. निकाल उलटा लागला. सेलॉनवर ऊन पडले की ते आरशासारखे लखलखे. दमट आणि कोरड्या हवेत ते सैलावे आणि आकसे. लवकरच पिवळे पडे. विमान अदृश्य करण्याऐवजी ते दुरूनच जाहीर करणारा हा उपाय सोडून देण्यात आला.

तोवर आकाशातली परिस्थितीही पालटली होती. १९१६ साली व्हर्दून आणि सोमच्या लढाया झाल्या तेव्हा दोन्ही बाजूंची विमाने एकमेकांना शोधत फिरू लागली होती. आता विमानाला खालूनच नव्हे, तर वरूनही पाहिले जात होते. शिवाय विमानतळांवर उभ्या असलेल्या विमानांचे फोटो शत्रूची टेहळणी विमाने काढत. फिकट पिवळे पंख हिरव्या गवतावर वरून ठळक उठून दिसत. म्हणून पंखांच्या वरच्या बाजूला जमिनीचे रंग आणि खालच्या बाजूला आकाशाचा रंग, अशी विभागणी सुरू झाली. निसर्गात हे जुनेच आहे. कितीतरी माशांची पाठ गडद आणि पोट पांढुरके असते. १९१६ च्या उत्तरार्धातील आल्बाट्रॉस जातीच्या लढाऊ विमानांवर हिरव्या आणि लालसर तपकिरी रंगांचे मोठे पट्टे आणि खाली फिकट निळा दिसतो. १९१७ च्या वसंतात तपकिरीच्या जागी फिकट जांभळा आला. जमिनीवरून हा जांभळा विचित्र वाटतो, पण उंचावरून पाहिल्यास दूरची शेते, झाडी आणि नांगरलेली माती हवेच्या थरातून निळसर-जांभळीच दिसते. रंग निवडणाऱ्याने हे नीट पाहिले होते, असे म्हणावे लागते.

अँथनी फोकरच्या श्वेरीन येथील कारखान्याने आपली वेगळी रीत काढली. तेथील तीनपंखी डीआर-१ विमानांवर ऑलिव्ह हिरव्या रंगाचे ब्रशचे फटकारे तिरपे ओढलेले असत, इतके विरळ की खालचे कापड फटींतून दिसे. रंग कमी लागे, काम झपाट्याने होई आणि कडा पुसट झाल्यामुळे विमानाची आकृतीही थोडी विरघळे. या फटकाऱ्यांकडे आज कलाकुसर म्हणून पाहिले जाते; त्यात काटकसरीचा भाग मोठा होता.

कारण रंगाचा हिशेब अवघड होत चालला होता. पहिला प्रश्न वजनाचा. रंगात दळलेले खनिज असते आणि ते कापडावर थर म्हणून बसते. शंभर-दोनशे अश्वशक्तीच्या इंजिनावर उडणाऱ्या विमानाला प्रत्येक किलो जाणवतो. वर चढण्याचा वेग त्यावर ठरतो आणि आकाशातल्या झुंजीत आधी वर पोचणारा वरचढ ठरतो. दुसरा प्रश्न वेळेचा. डोपचे हात, मग रंगाचे हात, प्रत्येक हात वाळेपर्यंत पंख नुसता पडून. कारखान्यात जागा अडे आणि रंगाऱ्यांचे हात अडकत. तिसरा प्रश्न मालाचा. ब्रिटिश आरमाराने नाकेबंदी केल्यापासून जर्मनीला समुद्रापलीकडून येणारा कच्चा माल मिळेनासा झाला होता. रोगणाला लागणारे जवसाचे तेल हे त्यातले एक ठळक उदाहरण. युद्धापूर्वी जगाच्या बाजारात जवसाचे बी मुख्यत्वे अर्जेंटिना आणि हिंदुस्थानातून जाई. विदर्भ आणि मध्य प्रांतातला जवस मुंबई बंदरातून युरोपला रवाना होई आणि ‘बॉम्बे’ हे त्या मालाच्या एका प्रतीचे नावच होते. तो मार्ग आता शत्रूच्या हातात होता. ज्या वनस्पतीच्या तंतूंचे कापड, तिच्याच बियांचे तेल, आणि दोन्हींची टंचाई, असा हा पेच होता. तंतूंच्या बाबतीत जर्मनीची बाजू थोडी बरी होती, कारण लिननसाठी नावाजलेला बेल्जियमचा कूर्त्रे परिसर तिच्या ताब्यात होता.

एका गोष्टीची मात्र जर्मनीत वाण नव्हती. ती म्हणजे कापड रंगवण्याची विद्या. युद्धापूर्वी जगातल्या कृत्रिम रंगद्रव्यांचा फार मोठा वाटा जर्मन कारखान्यांतून येई. बीएएसएफ, बायर, हेक्स्ट ही नावे तेव्हा रंगांसाठीच ओळखली जात. बीएएसएफने १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि हिंदुस्थानातल्या निळीच्या शेतीचा कणा मोडला. महायुद्धात जर्मन नीळ येणे थांबल्यावर तीच शेती थोडा काळ पुन्हा तेजीत आली आणि १९१७ चा चंपारणचा सत्याग्रह याच निळीच्या प्रश्नावर उभा राहिला. युद्धकाळात जर्मन रंगकारखाने स्फोटके आणि विषारी वायूही बनवू लागले होते. तरी छपाईचे तंत्र, कुशल माणसे आणि रुळांची यंत्रे देशात होतीच. पडदे आणि झग्यांचे कापड छापणारी यंत्रे विमानाचे कापडही छापू शकत होती.

रुळांच्या छपाईत प्रत्येक रंगाला एक स्वतंत्र रूळ असतो. रुळावर त्या रंगाच्या तुकड्यांचे आकार कोरलेले असतात. रूळ रंगात बुडतो, फालतू रंग पात्याने खरवडला जातो आणि कोरलेल्या भागात उरलेला रंग खालून सरकणाऱ्या कापडावर उमटतो. चार रंगांना चार रूळ, पाचांना पाच, आणि सगळे एकमेकांशी अचूक जुळलेले. रूळ फिरून परत त्याच जागी आला की नक्षी पुन्हा सुरू होते. म्हणून वरवर विस्कळीत दिसणारी ही नक्षी ठरावीक अंतराने तंतोतंत पुन्हा येते. मूळ कापडाचा पुरेसा मोठा तुकडा हाती आला तर तिची सुरुवात आणि शेवट बोटाने दाखवता येतो. कापडाचा पन्हा साधारण १३० ते १४० सेंटीमीटर असे. रंगद्रव्य धाग्यात मुरत असल्यामुळे वजन जवळजवळ वाढत नसे. विमानाच्या कारखान्यात कापड पोचले की ते चढवायचे, शिवायचे आणि पारदर्शक डोपचे हात द्यायचे. रंगाचे काम आधीच झालेले असे. वजन, वेळ आणि माल या तिन्ही अडचणींवर हा एकच तोडगा होता, आणि त्याची हुशारी याच साधेपणात आहे.

नक्षी अशीच का, या प्रश्नाचे उत्तर मात्र युद्धाच्या पलीकडे, एका पॅरिसच्या कापडकारखान्यापर्यंत जाते. मिशेल-युजीन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गोबेलँ या प्रसिद्ध गालिचा-विणकामाच्या कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासात दिसले की दोष रंगात नव्हता. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका भासत होता. शेजारशेजारचे रंग एकमेकांचे रूप बदलतात, हा सिद्धान्त त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. रंगांचे बारीक तुकडे शेजारी ठेवले आणि पुरेसे दूर गेले, तर डोळा त्यांना वेगळे न पाहता एकच मिश्र रंग पाहतो, हेही विणकरांना अनुभवाने ठाऊक होते. पुढे जॉर्ज सरा आणि त्याच्या पंथाच्या चित्रकारांनी निव्वळ रंगांच्या ठिपक्यांतून चित्रे उभी केली ती याच आधारावर.

हे ज्ञान रणांगणावर आणण्यात चित्रकारांचा हात होता. फ्रेंच सैन्याने १९१५ मध्ये कॅमोफ्लाजचे स्वतंत्र पथक उभारले आणि त्याचे नेतृत्व गिराँ द सेव्होला या चित्रकाराकडे दिले. जर्मन बाजूला फ्रान्झ मार्क या अभिव्यक्तिवादी चित्रकाराची गोष्ट विलक्षण आहे. निळे घोडे रंगवणारा हा चित्रकार १९१६ च्या आरंभी तोफा झाकण्याचे ताडपत्रीचे कापड रंगवत होता, तेही ठिपक्यांच्या पद्धतीने, विमानातून पाहणाऱ्याला चकवण्यासाठी. पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे, की आपण माने ते कँडिन्स्की या चित्रकारांची सगळी शैली त्या ताडपत्र्यांवर वापरून पाहिली आणि दोन हजार मीटरवरून ती कशी दिसेल याचे आपल्याला कुतूहल आहे. ते पाहण्याची संधी त्याला मिळाली नाही. ४ मार्च १९१६ रोजी व्हर्दूनजवळ तो मारला गेला.

विमानाच्या कापडावरची नक्षी दोन अंतरांवर दोन वेगळी कामे करते, आणि हे नीट समजून घेण्यासारखे आहे. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढ्या कोनात असलेल्या दोन गोष्टी कशाबशा वेगळ्या दिसतात. हजार मीटरवर हा कोन सुमारे २९ सेंटीमीटर भरतो. कापडावरचे तुकडे साधारण वीतभराचे. म्हणजे दोन विमानांमध्ये हजारभर मीटर अंतर असेल तर तुकडे तुकडे म्हणून दिसतच नाहीत. जांभळा आणि पिवळट, निळा आणि गेरू एकमेकांना मारतात आणि उरतो एक राखाडी, मातकट, धड कुठलाच नाव घेता न येणारा रंग. तो एकसलग रंगाच्या लेपासारखा मृत दिसत नाही, किंचित थरथरता वाटतो आणि म्हणून धुक्यात, ढगांच्या सावल्यांत, शेतांच्या तुकड्यांवर मिसळून जातो. अंतर कमी झाले की तुकडे वेगळे दिसू लागतात, आणि मग त्यांचे दुसरे काम सुरू होते. पंखाची कड कुठे आहे, आडवी शेपटी कुठे सुरू होते, हे रंगांच्या गर्दीत चटकन कळत नाही. समुद्रावर ब्रिटिश जहाजांना १९१७ पासून काळे-पांढरे भडक पट्टे रंगवत, त्यात जहाज लपवायचा हेतू नव्हता, फक्त दिशा आणि वेग यांचा अंदाज चुकवायचा होता. विमानाच्या कापडाने लपवणे आणि चकवणे ही दोन्ही कामे एकाच नक्षीवर सोपवली.

सैन्याच्या कापडात पाच रंगांची आणि चार रंगांची अशा दोन मुख्य तऱ्हा होत्या. प्रत्येकीच्या पुन्हा दोन छटा: वरच्या बाजूसाठी गडद, खालच्या बाजूसाठी तीच नक्षी फिकट आकाशी, गुलाबी, पिवळसर, हिरवट रंगांत. कारखान्यात गडद आणि फिकट असे दोन तागे शेजारी ठेवलेले असत आणि पंखाची वरची बाजू एकातून, खालची दुसऱ्यातून बेतली जाई.

बेतण्याचे काम शिंप्याचेच होते. फोकर डी-७ या विमानाचा वरचा पंख सुमारे ८.९ मीटर लांब. कापडाचे पट्टे पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत लावले तर एका बाजूला सहा-सात पट्टे लागत. ते यंत्रावर एकमेकांना जोडून मोठी चादर करत आणि ती सांगाड्यावर ओढून घेत. काही कारखाने पट्टे पंखाच्या लांबीने लावत. पट्टे जोडताना शेजारच्या पट्ट्याशी नक्षी जुळवण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे, आणि त्यामुळे तुकड्यांची संगती शिवणीवर तुटे. ही तूट उलट उपयोगीच होती. कापड फासळ्यांना दोऱ्याने टाचले जाई आणि त्या टाक्यांवर अरुंद फीत चिकटवली जाई. कधी ही फीत त्याच छापील कापडातून कापलेली, कधी साधी फिकट निळी, कधी गुलाबी. आज संग्रहालयात एखादे विमान पाहताना पंखावर समांतर निळ्या रेघा दिसतात त्या याच फितींच्या. फितींच्या रंगावरून आणि पट्ट्यांच्या दिशेवरून विमान कोणत्या कारखान्यात बांधले गेले असेल याचा अंदाज जाणकार बांधतात.

आरमाराने आपली वाट वेगळी ठेवली होती. समुद्रावर हिरवे शेत नसते. आरमाराच्या जलविमानांवर वरच्या बाजूला सहा बाजूंचे नियमित षटकोन, मधमाश्यांच्या पोळ्यासारखे, राखाडी-निळ्या, जांभळट आणि करड्या अशा तीन छटांत मांडलेले असत. फ्रीडरिक्सहाफेन आणि हान्सा-ब्रांडेनबुर्ग या कंपन्यांच्या तरंड्यांवर उतरणाऱ्या विमानांच्या फोटोंत ते ओळखू येतात. उत्तर समुद्राचे मळकट पाणी ज्याने पाहिले आहे त्याला हे रंग पटतील.

रात्रीचे प्रकरण आणखी निराळे. गोथा जातीची दुइंजिनी विमाने मे १९१७ पासून इंग्लंडवर भर दिवसा बॉम्ब टाकू लागली. १३ जूनला त्यांचा लंडनवर पहिला दिवसाचा हल्ला झाला. तेव्हा ही विमाने फिकट रंगांची होती. ब्रिटिश संरक्षण कडक झाल्यावर सप्टेंबरपासून हल्ले रात्री होऊ लागले आणि फिकट रंग सर्चलाइटच्या झोतात घातक ठरला. मग गडद षटकोनांची खास रात्रीची नक्षी आली. त्सेपेलिन-श्टाकेन आर-६ या चार इंजिनांच्या, सुमारे ४२ मीटर पंखविस्ताराच्या विमानाला ती छापील कापडातूनच मिळाली. इतक्या अफाट पृष्ठभागावर हाताने रंग चढवायचा तर त्याचे ओझे एखाद्या माणसाएवढे सहज झाले असते, हे लक्षात घेतले की छापील कापडाचे महत्त्व कळते.

सगळीच विमाने कापडाची नव्हती. आल्बाट्रॉसच्या लढाऊ विमानांचे धड पातळ प्लायवूडचे असे. पंखांना छापील कापड आणि धडाला रोगण किंवा रंग. हानोव्हर कंपनीच्या दोन आसनी विमानांच्या प्लायवूडच्या धडावर तर कापडासारखेच बहुकोन हाताने रंगवलेले दिसतात. जे कापड कष्ट वाचवण्यासाठी निघाले, त्याची नक्कल इथे पुन्हा ब्रशने करावी लागली. युंकर्सच्या धातूच्या पन्हळी विमानांना अर्थातच रंगच लावणे भाग होते.

या साऱ्या लपवाछपवीच्या आड दोन गोष्टी येत. पहिली राष्ट्रचिन्ह. आपल्याच तोफांनी आपले विमान पाडू नये म्हणून काळा क्रूस पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठळक काढावाच लागे. मार्च १९१८ मध्ये रुंद टोकांच्या जुन्या क्रूसाऐवजी सरळ पट्ट्यांचा क्रूस वापरण्याचा हुकूम निघाला आणि आघाडीवरच्या तळांवर घाईघाईने जुनी चिन्हे पुसून नवी काढली गेली. त्या महिन्यांतल्या फोटोंत जुन्या क्रूसाचे भूत नव्याखाली डोकावताना दिसते. दुसरी गोष्ट वैमानिकांची स्वतःची हौस, आणि तिच्यामागचे कारणही. मान्फ्रेट फॉन रिष्टहोफनने १९१७ च्या आरंभी आपले आल्बाट्रॉस लाल रंगवले आणि त्याच्या तुकडीनेही लाल रंग उचलला. गर्दीच्या झुंजीत आपला नायक कुठे आहे, कोणाच्या मागे जायचे, हे क्षणात कळावे लागते. तिथे लपण्यापेक्षा ओळख पटणे मोलाचे. त्यामुळे १९१८ ची जर्मन लढाऊ विमाने एक विलक्षण मिश्रण होती: पंखांवर गिरणीची छापील नक्षी, आणि धडावर पिवळे, काळे, निळे, लाल पट्टे, तुकडीचे रंग, वैमानिकाचे खासगी चिन्ह. एर्न्स्ट उडेटने आपल्या डी-७ च्या शेपटीवर शत्रूला डिवचणारे शब्द लिहिले होते आणि धडावर आपल्या प्रेयसीचे लाडके नाव.

मग या कापडाचा उपयोग किती झाला? हालणारी वस्तू डोळा सर्वांत आधी पकडतो, आणि तिला नक्षीने लपवता येत नाही. गुळगुळीत डोपवर ऊन चमकले की पंख दुरून लकाकतो. खालून पाहताना तर उजळ आकाशासमोर कोणतेही रंगीत विमान, कितीही फिकट असो, बहुधा काळी आकृतीच दिसते. उडत्या विमानाला मिळालेला फायदा म्हणूनच मर्यादित होता. जमिनीच्या जवळ, झाडीवरून सरकणाऱ्या किंवा गवतावर उभ्या असलेल्या विमानाला तो अधिक मिळत असावा, असे त्या नक्षीचे गणितच सांगते. ब्रिटिशांनी त्याच काळात पंखांच्या वरच्या बाजूला पीसी-१० नावाची एकरंगी खाकी-तपकिरी डोप लावली. ती कापडाचे उन्हापासून रक्षणही करी. दोन्ही मार्गांनी साधारण सारखेच काम भागले. जर्मन कापड वरचढ ठरते ते लपवण्याच्या कसोटीवर कमी आणि कारखान्याच्या कसोटीवर अधिक: कमी माल, कमी हात, कमी वजन, आणि दर मीटरमागे एकसारखा दर्जा.

१९१८ च्या वसंतात फोकर डी-७ आघाडीवर आले आणि या कापडाचे सर्वांत ओळखीचे रूप बनले. पोलादी नळ्यांच्या धडालाही छापील कापड असल्यामुळे काही विमाने नाकामागून शेपटीपर्यंत नक्षीत गुंडाळलेली दिसत. विमान इतके समर्थ होते, की ११ नोव्हेंबर १९१८ च्या युद्धबंदीच्या करारात जर्मनीने १,७०० विमाने स्वाधीन करावीत आणि त्यात डी-७ सर्व द्यावीत, असा नावासकट उल्लेख झाला. जेत्या देशांत ही विमाने विजयचिन्ह म्हणून गेली. बाकी असंख्य विमाने मोडली, जाळली. सैनिकांनी क्रूस असलेले कापडाचे तुकडे आठवण म्हणून कापून नेले, आणि आज अनेक संग्रहालयांत आणि घरांत जे अस्सल कापड उरले आहे, ते त्या कात्रीमुळे.

नक्षीचा विचार विमानांवरून जमिनीवर उतरला. ७ जुलै १९१८ च्या जर्मन हुकुमानुसार तोफा, गाड्या आणि सैनिकांची पोलादी शिरस्त्राणे हिरव्या, गेरू आणि तांबूस तपकिरी रंगांच्या कोनदार तुकड्यांत रंगवायची होती, आणि तुकड्यांमध्ये बोटभर रुंद काळी रेघ ओढायची होती. इटलीने १९२९ मध्ये सैनिकांच्या तंबूसाठी बहुरंगी छापील कापड वापरात आणले. जर्मन सैन्याने १९३१ मध्ये तंबूचे आणि पावसाळी अंगरख्याचे काम एकत्र करणारे कापड काढले. त्यावर कोनदार हिरवे-तपकिरी तुकडे आणि पावसाच्या सरींसारख्या बारीक रेघा होत्या. सैनिकाच्या अंगावर छापील कॅमोफ्लाज सर्रास दिसू लागले ते दुसऱ्या महायुद्धात, पण मीटरावर मीटर छापून युद्धात वापरण्याचा मोठा पहिला प्रयोग विमानांच्या पंखांवर आधीच होऊन गेला होता.

राहिला प्रश्न त्या रंगांचा. कृष्णधवल फोटोंत रंग नाहीत, आणि त्या काळच्या फिल्मवर निळा फिका आणि लाल-पिवळा काळपट उमटत असल्यामुळे फोटो उलट दिशाभूल करतात. उरलेले कापड शंभर वर्षांत विटले आहे. जांभळा राखाडी झाला, निळा हिरवट, आणि वरची डोप पिवळी पडून सगळ्यावर चहासारखी छटा चढली. कॅनडात क्वेबेक प्रांतातल्या नोल्टन या छोट्या गावच्या संग्रहालयात एक फोकर डी-७ आहे. युद्धानंतर विजयचिन्ह म्हणून ते तिथे गेले आणि त्याच्या अंगावर आजही मूळ छापील कापड आहे. अशा कापडाचा रंग शोधणारे लोक उघड्या पृष्ठभागाकडे फारसे पाहत नाहीत. जिथे ऊन आणि डोप दोन्ही कमी पोचले, अशा जागा ते शोधतात: फितीखालची पट्टी, शिवणीत दुमडलेली कड, पंखाच्या आतली बाजू. तिथे हिरवा अजून हिरवा असतो आणि निळा जवळजवळ तसाच, जसा तो रुळाखालून बाहेर पडला होता.